नकाशाची कापलेली कड

यज्ञेश्वर दफ्तरदारांनी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नाले, पुलिया आणि शाळांच्या भिंती मोजल्या. निवृत्त झाले तेव्हा हातात टेप होती, पण मोजायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी पंखेवाली कोठी मोजायला घेतली.

ही कोठी देवास गेटच्या मागच्या रस्त्यावर, दुकानांच्या रांगेसमोर उभी होती. लाल विटांची, दुमजली, रस्त्याला अगदी खेटून. ओटा नाही, अंगण नाही. पायरी उतरली की पाय थेट रस्त्यावर. उज्जैनात असं घर कोणी बांधत नाही. अफूच्या कारभारावर देखरेख करायला आलेल्या कुणा इंग्रज साहेबानं, आपल्या गावातल्या घरांच्या धर्तीवर ती बांधून घेतली, असं जुने लोक सांगत. तिच्या खिडक्यांची तावदानं बाहेर उघडत नसत, वर-खाली सरकत. चौकटीच्या पोटात दोऱ्या, कप्प्या आणि लोखंडी वजनं दडवलेली होती. पुढची भिंत मधोमध पोट काढून रस्त्याकडे आलेली. आणि दाराच्या डोक्यावर लाकडी काड्यांत काचा बसवलेला मोठा अर्धगोल पंखा. साहेब गेला, अफूही गेली. आता खाली मराठी मंडळाचं वाचनालय होतं आणि वर संध्याकाळी पेटीचे वर्ग चालत.

आठ महिने यज्ञेश्वर रोज सकाळी तिथे जात. टेपचं दुसरं टोक वासंतीबाई धरायच्या. गुडघे दुखत असले तरी त्या नवऱ्याबरोबर जिना चढत, कारण खात्यातून आल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच जेवताना बोलायला लागला होता. त्रेचाळीस कागद तयार झाले. एकेक वीट, एकेक खाच कागदावर उतरली.

शेवटी राहिला पंखा. त्याच्यावर निळ्या ऑइलपेंटचे पाच-सहा थर बसले होते. यज्ञेश्वर शिडीवर चढून चाकूनं रंग खरवडत होते. काड्या जिथे मिळतात तिथे आधी त्यांना वाटलं होतं की पानं असतील. रंग निघाला तेव्हा खालून देठासकट छोटी गोल बोंडं निघाली, डोक्यावर दातेरी मुकुट असलेली.

"खसखशीची बोंडं," ते वरून म्हणाले.

वासंतीबाईंनी खालून डोळे बारीक करून पाहिलं. "अहो, ही तर भैरवगढच्या चादरीवरची बूटी आहे! आपल्या पाहुण्यांच्या पलंगपोसावर आहे बघा, हूबहू."

दुसऱ्याच दिवशी यज्ञेश्वर भैरवगढला गेले. चार घरं विचारल्यावर लोकांनी त्यांना इस्हाक छीपांच्या छपाईच्या कारखान्यात पाठवलं. इस्हाकभाई पंचाहत्तरीला आलेले, मनगटापर्यंत रंगलेले हात. मोबाइलवरचा पंख्याचा फोटो पाहून त्यांनी हातातला ठप्पा खाली ठेवला.

"ये तो हमारे परदादा का काम है," ते म्हणाले. "करीम बख्श. छपाई के ठप्पे खोदते थे."

त्यांनी आतून पत्र्याची एक नळी आणली. तिच्यात जाड कागदाची गुंडाळी होती. कागदावर पंख्याचा नकाशा होता. काड्यांची मूळ आखणी साहेबाच्या पेन्सिलीची, इंग्रजी आकड्यांसकट. पण साहेबानं जिथे जिथे शिंपले काढले होते तिथे कुणीतरी काळ्या शाईनं, ठाम हातानं, बोंडं घातली होती. खाली देवनागरीत एक ओळ: कारीगर करीम बख्श, भैरवगढ़, सन 1909.

 असा कागद हाती येईल असं यज्ञेश्वरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. इंग्लंडातल्या घराचा नमुना, आणि त्यावर ठप्पे कोरणाऱ्याच्या हातची अफूची बोंडं! कोठीवरच्या आपल्या पुस्तकासाठी फोटो काढायला त्यांनी कागद चार दिवस मागितला. इस्हाकभाईंनी नळीसकट दिला. त्यांचा मुलगा अनीस मागे उभा होता, तो म्हणाला, "अब्बा, लिखवा तो लो." इस्हाकभाईंनी हात हलवून त्याला गप्प केलं. आणि मग जरा लाजत यज्ञेश्वरांना विचारलं, "साहब, किताब में परदादा का नाम आएगा ना?"

"पहिल्या पानावर येईल," यज्ञेश्वर म्हणाले, आणि तेव्हा ते मनापासून बोलत होते.

त्याच महिन्यात सिंहस्थासाठी रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. निशाणं लागली. कोठीच्या बाजूनं अकरा फूट जाणार होते, म्हणजे फुगीर भिंत, खिडक्या, पंखा सगळंच. वाचवायचा एकच मार्ग होता: कोठी शहराच्या वारसा यादीत घालायची. यादीत नाव लागलं की रस्ता तिच्याकडून वळणार, आणि अकरा फूट समोरच्या दुकानांतून जाणार.

समोर कॉपी-किताबांचं दुकान होतं सुधाकर मोघ्यांचं. सुधाकर आणि यज्ञेश्वर पहिलीपासून एका बाकावर बसलेले.

"यज्ञा, तू काय करून राहिला आहेस ते कळतंय ना तुला?" सुधाकरनं दुकानातूनच विचारलं. "अकरा फूट गेले तर माझ्याकडे उरतात सात. सात फुटांत मी कॉप्या ठेवू की स्वतः उभा राहू?"

"यादीत घालायच्या लायकीची असेल तरच घालतील. लायकीची नसेल तर तुझं दुकान सलामत."

"आणि असली तर?"

"तर मग काय करणार, सुधा."

सुधाकर गल्ल्याकडे वळला. त्याला यज्ञेश्वरांचा राग आला असेल, पण त्यात लबाडी दिसली नव्हती, तोवर नव्हतीही.

अर्जाचा फॉर्म आणायला यज्ञेश्वर वारसा समितीच्या दफ्तरात गेले. तिथला बाबू भला माणूस होता. त्यानं फॉर्म देता देता सांगितलं, "किसी बड़े आदमी का नाम जुड़ा हो तो लिख दीजिए. राजघराना, दरबार, कुछ भी. साहब लोग वही कॉलम पहले पढ़ते हैं."

ते वाक्य घेऊन यज्ञेश्वर घरी आले. दफ्तरदार हे आडनाव त्यांच्याकडे शिंद्यांच्या दरबारातून आलं होतं. त्यांचे पूर्वज राघोपंत दरबाराचे कागद सांभाळत. वडील मरेपर्यंत राघोपंतांच्या गोष्टी सांगत राहिले, पण दाखवायला घरात काय होतं? एक मोडी पत्र, ज्यात 'उज्जैनीस दफ्तराची जागा' असे तीन शब्द होते. ती जागा कुठली, कुणाला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या बैठकीत लोक यज्ञेश्वरांना मागच्या खुर्चीवर बसवत. पुलियावाले दफ्तरदार! गणेशोत्सवात मांडव मोजायचा असला की त्यांना बोलावत, भाषणाला नाही.

आणि कॉलम समोर रिकामा होता: बांधणारा कोण, काळ कोणता.

एका दुपारी वासंतीबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. यज्ञेश्वरांनी नकाशा ड्रॉइंग बोर्डावर पसरला. स्टीलची पट्टी करीम बख्शच्या ओळीच्या वर ठेवली. आयुष्यभर सरळ रेघा मारलेला हात. ब्लेड एकदाच फिरलं. दीड बोटाची चिंधी वेगळी झाली. ती त्यांनी मोरीत भिजवली, चुरगाळली आणि केराच्या डब्यात चहाच्या चोथ्याखाली दाबली. मग फॉर्म भरला. राघोपंत दफ्तरदार यांचे दरबारी दफ्तर, इ. स. 1788. दर्शनी भाग फिरंगी तोफखान्याच्या अधिकाऱ्याच्या नकाशावरून. मूळ नकाशा व मोडी पत्र: अर्जदाराच्या घराण्याच्या संग्रहातून.

इस्हाकभाईंचा फोन आला तेव्हा यज्ञेश्वर म्हणाले, "नक्शा समितीत जमा आहे. काम झालं की मिळेल." दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच म्हणाले. बायकोलाही त्यांनी एवढंच सांगितलं होतं की जुने घरचे कागद लावले आहेत.

कोठी यादीत लागली. मंडळानं समारंभ केला. दाराशी राघोपंतांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली, यज्ञेश्वरांना पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली. तीन मिनिटं ते राघोपंतांवर बोलले, आणि बोलताना त्यांना खरोखरच वाटायला लागलं की राघोपंत याच जिन्यानं चढत असतील.

इस्हाकभाई आले होते. पांढरा कुर्ता घातलेला, सोबत अनीस. लोक चहाकडे वळले तेव्हा ते पाटीपाशी गेले, चष्मा लावून वाचत राहिले. एकदा, मग पुन्हा एकदा. मग त्यांनी मान वर करून पंखा पाहिला. यज्ञेश्वर शालीसकट तिथे गेले.

"पुस्तकात येणार आहे, इस्हाकभाई. पाटीवर जागा कमी असते," ते घाईघाईनं म्हणाले.

"जी," इस्हाकभाई म्हणाले. "नक्शा कब मिलेगा?"

"लौकरच."

अनीस काहीतरी बोलणार होता. बापानं त्याच्या दंडाला धरून त्याला रस्त्याकडे नेलं. चहा दोघांनीही घेतला नाही.

इकडे दुकानदार गप्प बसले नव्हते. सुधाकरनं पुढाकार घेऊन हरकत नोंदवली आणि इंदूरहून मृण्मयी खांडवेकर नावाच्या बाईंना बोलावलं. जुन्या इमारती दुरुस्त करणं, तपासणं हा तिचा पेशा. शिकायला वर्षभर इंग्लंडला राहून आलेली, वय पस्तिशीचं. ती दोन दिवस कोठीत फिरली. खिडकीची एक चौकट तिनं उघडवली. यज्ञेश्वरांना तिनं वाकून नमस्कार केला आणि त्यांचे त्रेचाळीस कागद मागून घेतले. परत देताना म्हणाली, "काका, इतकी चोख मापं मी आजवर पाहिली नाहीत." ते त्या रात्री नीट झोपले.

सुनवाई अकरा वाजता होती. एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला मंडळाचे लोक, वासंतीबाई मागच्या बाकावर. मृण्मयी उभी राहिली. आवाज चढवला नाही. आधी तिनं खिडकीतून काढलेली लोखंडी कप्पी टेबलावर ठेवली. तिच्यावर विलायती कारखान्याचं नाव होतं आणि साल होतं 1906. मग विटांचं माप सांगितलं, तेही इंग्रजी अमलातलं. मग मोडी पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, की यात जागा कुठे आहे ते कुठे लिहिलंय? मंडळाच्या लोकांत चुळबुळ सुरू झाली. शेवटी तिनं नकाशा हातात घेतला. हे करताना ती यज्ञेश्वरांकडे पाहत नव्हती.

"या कागदाच्या तीन कडा पाहा. पिवळ्या, कुरतडलेल्या. आणि ही खालची पाहा. सरळ आणि पांढरी. ही कड जुनी नाही. ही आता, वर्षाच्या आत, कापलेली आहे. इथे काहीतरी लिहिलेलं होतं. अर्ध्या अक्षरांची डोकी अजून दिसतात."

अध्यक्षांनी भिंग मागवलं. पाहिलं. मग विचारलं, "दफ्तरदारजी, नीचे क्या लिखा था?"

यज्ञेश्वर उठले. टेबलाला धरून उभे राहिले. नाही म्हणता आलं असतं; अर्ध्या अक्षरांवरून कोण काय सिद्ध करणार होतं? पण मागच्या बाकावर वासंती बसलेली होती, आणि ते बोंड कुठलं हे तिनंच सांगितलं होतं.

"करीम बख्श," ते म्हणाले. "कारीगर करीम बख्श, भैरवगढ. सन 1909. मी कापलं. राघोपंतांचा या कोठीशी काही संबंध नाही. पण साहेब, कोठी खरी आहे. पंखा खरा आहे. साहेबाच्या नकाशात त्या माणसानं आपली बूटी घातली, असं काम देशात दुसरीकडे नसेल. हे लिहून घ्या."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "पहले आपने 1788 लिखवाया. अब 1909 कह रहे हैं. कल कुछ और कहेंगे. मैं आपकी कौन सी बात लिखूँ? सबूत था, वो आप खुद कह रहे हैं कि आपने काट दिया."

यज्ञेश्वरांनी टेबलावरचा हात काढला. ते बसले. नकाशा पुराव्यातला फेरफार म्हणून सील करून फायलीत गेला.

बाहेर व्हरांड्यात मृण्मयीनं त्यांना गाठलं. ती जिंकली होती, पण तिचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता.

"काका, मी समोरच्या बाजूनं आले होते, तरी विचारते. तुम्ही हे का केलंत? मला ती ओळ मिळाली असती तर मी सुधाकरकाकांना सांगितलं असतं की ही केस लढवू नका, हरणार. पंचाहत्तर वर्षं झालेली आणि कारागिरी वेगळी असली की नियमात बसतं. एवढंच लागत होतं."

"मला वाटलं, ठप्पेवाल्याच्या नावानं कोण..." ते अर्ध्यावर थांबले.

"इंग्लंडात मी ज्या गावात राहिले तिथे एका न्हाव्याचं दुकान यादीत आहे. तिथे कुणी राजा झोपला होता म्हणून नव्हे. दुकान तसं बांधलंय म्हणून." तिनं पिशवी खांद्यावर घेतली. "तुमचे त्रेचाळीस कागद मी विसरणार नाही. पण त्यांच्यावरही आता लोक विश्वास ठेवणार नाहीत, हे वाईट झालं."

 घरी आल्यावर वासंतीबाईंनी पाहुण्यांच्या पलंगावरचा पलंगपोस काढला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि पलंगावर साधी चादर घातली. त्या दिवसापासून दोघांत मीठ-भाजीपुरतं बोलणं राहिलं.

अर्ज खोटा ठरल्यानं यादीतून नाव काढल्याचा आदेश तीन आठवड्यांत आला. मंडळानं सभा घेतली आणि यज्ञेश्वरांचं सदस्यत्व रद्द केलं. ठराव मांडणाऱ्यानंच समारंभात त्यांच्या खांद्यावर शाल घातली होती. वाचनालयाची पुस्तकं नानाखेड्याच्या एका हॉलमध्ये पोत्यांत भरून गेली. मार्चमध्ये पाडकामाचं मशीन आलं.

ते पाहायला यज्ञेश्वर गेले. न जाणं त्यांना जमलं नाही. फुगीर भिंत दोन धक्क्यांत आत गेली. खिडक्यांतून लोखंडी वजनं निखळून रस्त्यावर घरंगळली, ती उचलायला भंगारवाले धावले. पंखा काढून घेऊ द्या, असं त्यांनी ठेकेदाराला आधी दोनदा जाऊन विनवलं होतं. ठेकेदार हो म्हणाला होता. मशीनवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. दांडा वरून आला आणि पंखा मधोमध मोडला; काचा आणि सागवान एकदमच खाली आले, मातीचा लोट उठला, आणि माती बसली तेव्हा त्यातलं काही ओळखू येत नव्हतं.

समोर सुधाकर दुकानाच्या दारात उभा होता. त्याचे अठरा फूट शाबूत राहिले होते. त्यानं यज्ञेश्वरांना पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, मग दुकानात गिऱ्हाईक आलं तसा तो आत वळला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी यज्ञेश्वर भैरवगढला गेले. आधी जायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, पण पाय उचलत नव्हता. कारखान्यात पोरी चादरी वाळत घालत होत्या. अनीस बाजूला उभा होता, इस्हाकभाई खाली बसून छपाई करत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

यज्ञेश्वरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कापलेलं, भिजवलेलं, फेकलेलं, सुनवाईत कबूल केलेलं, काहीच लपवलं नाही. सांगून झालं तेव्हा कारखान्यात फक्त ठप्प्यावर पडणाऱ्या मुठीचे आवाज येत होते.

"नक्शा?" इस्हाकभाईंनी विचारलं.

"फायलीत सील आहे. मी अर्जी दिली आहे. मिळेल की नाही, सांगता येत नाही."

"और पंखा?"

"टूट गया."

इस्हाकभाईंनी ओळ पूर्ण केली. मग हात पुसले, कपाटातून कोरा कागद आणि पेन काढून यज्ञेश्वरांसमोर ठेवलं. "लिख दीजिए. जो हुआ, सब. नाम के साथ."

यज्ञेश्वर तिथेच खाली बसले आणि लिहू लागले. हिंदीत, सावकाश. की अमुक रस्त्यावरच्या कोठीचा पंखा करीम बख्श यांनी घडवला. की त्याचा नकाशा त्यांच्या हातचा होता, मी तो त्यांच्या पणतवाकडून घेतला आणि त्यावरचं नाव कापलं. खाली सही केली, पत्ता लिहिला, तारीख घातली. अक्षर सुरेख आलं.

अनीसनं कागद उचलून वाचला. शेवटपर्यंत वाचला. मग बापाकडे पाहून म्हणाला, "अब्बा, सुनवाई में भी इन्होंने यही कहा था. किसी ने माना? इनके लिखे का हम करें क्या?"

यज्ञेश्वर मान खाली घालून बसले.  इस्हाकभाईंनी मुलाच्या हातून कागद घेतला, त्याची घडी केली आणि यज्ञेश्वरांना परत दिला.

"ये आप ही रखिए साहब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच यज्ञेश्वरांना सोसलं नाही. "मेरे घर में परदादा का नाम सबको मालूम है. जहाँ मालूम नहीं था, वहाँ लिखवाने को दिया था."

यज्ञेश्वर उठले. चप्पल घालताना एका पोरीनं त्यांना पाणी विचारलं. इस्हाकभाईंनी तिला मानेनं नको म्हटलं, आणि तिनं तांब्या आत नेला.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरांनी तो कागद आणि त्रेचाळीस नकाशे एका मोठ्या पाकिटात घालून मृण्मयीला इंदूरला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवले. सोबत चिठ्ठी लिहिली, की कुठे छापता आलं तर छापा, आणि माझं नाव घालू नका. आठवड्यानं पोच आली. नंतर दोन महिने त्यांनी रोज टपालाची वाट पाहिली. मग सोडून दिली.